कापसाची पीयूसी

आमच्या जळगावात रस्त्यात गाडी बंद पडली की दोन मिनिटांत चार पुरुष जमतात. बॉनेट उघडायची कळ कुठे असते हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नसतं, पण चौघांचंही निदान तयार असतं. औषध मात्र सगळ्यांचं एकच: धक्का. गाडी ढकलायला मिळाली की या माणसांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मी त्यांच्या घरच्या लग्नातही पाहिलेला नाही.

माझी गाडी या आनंदापायीच गेली. मी धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गाडी जुनी, लहान, पेट्रोलवरची, पण माझी स्वतःची. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्यात न्यायला-आणायला म्हणून ती मी वर्षभर थोरल्या भावाकडे जळगावला, पिंप्राळ्यात ठेवली होती. दिवाळीच्या सुमारास तिची बॅटरी गेली. भावाने बदलली नाही. का, तर "माणसं आहेत ना!" मग रोज सकाळी कॉलनीतली पाच-सहा माणसं बनियनवर, तोंडात ब्रश धरून, माझी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची. भाऊ राजासारखा स्टिअरिंगवर. गाडी फुरफुरत सुरू झाली की सगळे हात झटकत घरी जायचे आणि दिवसभराचं पुण्य पदरात पडल्यासारखे वागायचे.

मोटारीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या अलीकडे, एक डबा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मेकॅनिक त्याला कॅट म्हणतात आणि त्याच्या आत जे मधाच्या पोळ्यासारखं असतं त्याला जाळी. इंजिनातला विषारी धूर त्या जाळीतून जाताना बराचसा निवतो. पण रोज धक्का मारून गाडी सुरू केली की न जळलेलं पेट्रोल थेट त्या डब्यात जातं, तिथेच पेटतं, आणि हळूहळू जाळी वितळून बुजते. मग गाडीला आत घेतलेला श्वास बाहेर टाकता येत नाही. हे मला कॉलनीतल्या कुणी सांगितलं नाही. मी वाचलं. वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि आमच्या घरात तो माझा दोषही समजला जातो.

आबा जिनिंग फॅक्टरीत कापसाचे ग्रेडर होते. ढिगातला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा केवढा हे सांगून मोकळं व्हायचं. त्यांचा शब्द व्यापारीही खाली पडू देत नसत. त्या नोकरीने त्यांना मान दिला आणि छातीत दमा दिला. गेल्या हिवाळ्यात त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, कारण पिंप्राळ्यातला आमचा रस्ता गटारीसाठी खणून ठेवला होता आणि कंत्राटदार बहुधा माती राखायला बसवला होता. छातीचे डॉक्टर स्वच्छ म्हणाले, "यांना दोन-तीन महिने या धुळीतून काढा. नाहीतर तिसऱ्या वेळेस मी काही सांगू शकणार नाही."

माझं घर धुळ्यात, देवपूरच्या टोकाला, मोकळ्या हवेत. मी म्हटलं, आबांना मी नेते. यावर सगळे आबांकडे बघायला लागले. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. ही रीत कुणी घातली, का घातली, ते कुणाला माहीत नाही. पण ती पाळण्यात आबा म्हणजे एकदम पहिल्या नंबरचे.

"आंडेरना घर कोनी ऱ्हास का?" ते म्हणाले. लेकीच्या घरी कुणी राहतं का?

"मग पोराच्या घरी गुदमरून मरता का?" मी विचारलं.

भावाला ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. आबा दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी नाकावर वाफेचा मास्क धरून, डोळे मिटून म्हणाले, "बरं. एक महिना." मी लगेच रजा टाकली.

त्यांना न्यायला मी जळगावला गेले तेव्हा कळलं की गाडी चाळिसाच्या वर पळत नाही. चढाला तर बैलगाडीने मागे टाकावं अशी गत. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला. भाऊ म्हणाला, तो दिवा तर दिवाळीपासूनच आहे, त्याकडे बघायचं नाही. त्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता. त्याने खाली वाकून पाहिलं आणि भावाला सांगितलं की जाळी बुजली आहे. भावाला, बरं का. गाडीचे कागद माझ्या नावावर, किल्ली माझ्या हातात, आणि तो माणूस माझ्या खांद्यावरून भावाशी बोलत होता. मी म्हटलं, "नवीन कॅट टाका." तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे दुकानात लहान मूल महागडं खेळणं मागतं तेव्हा पाहतात तसं. भाऊ म्हणाला, "तू घरी जा, मी बघतो." दोन दिवसांनी गाडी परत आली. पिकअप झकास. "नवीन टाकलाय," भाऊ म्हणाला. मी विश्वास ठेवला. सगळ्या जगाला नावं ठेवणारी मी आपल्या भावावर मात्र विश्वास ठेवते, हा माझा जुना मूर्खपणा.

चैत्रातल्या उन्हात आम्ही निघालो. आबा पुढे बसले, मांडीवर पिशवी. काचा बंद, एसी चालू. पाळधी गेली, एरंडोल गेलं. गाडीत एक वास येत होता, अर्धवट जळलेल्या पेट्रोलसारखा. मला वाटलं बाहेरचा. एरंडोलच्या पुढे माझं कपाळ ठणकायला लागलं आणि आबा खोकायला लागले. दम्याचा पंप ओढला तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी, ओठ राखेसारखे. पारोळ्याला रस्त्याकडेच्या लिंबाखाली मी गाडी उभी केली, दरवाजे उघडले, त्यांना बाहेर बसवलं. पंधरा-वीस मिनिटांनी खोकला बसला. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी बडबडते. म्हटलं, आता धुळं जवळच आहे, अर्ध्याहून जास्त आलो.

"नही," आबा म्हणाले. "देवनी खूण शे ही. आंडेरना घर जावानं नही."

"आबा, गाडीत वास होता."

"तोच सांगी ऱ्हायना तो." वासातूनही देवच सांगत होता म्हणे.

पिशवी काखोटीला मारून ते उठले आणि पारोळ्याच्या स्टॅंडकडे चालायला लागले. मान ताठ. मी मागे धावले, विनवलं, ओरडलेसुद्धा. शेवटी मीच त्यांना जळगावच्या एसटीत खिडकीशी बसवलं, कंडक्टरला सांगितलं, भावाला फोन केला. गाडी सुटताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या वासाच्या गाडीतून, लिंबाखाली जमलेल्या चौघांकडून धक्का मारून घेऊन, चारही काचा खाली करून, मी एकटी धुळ्याला आले.

संध्याकाळी भावाचा फोन. आबा सुखरूप पोचले. आणि मग, "मी सांगतच होतो." त्याने काय सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं, पण हे वाक्य आमच्या घरात पुरुषांना आयतंच मिळतं, आधी काही सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्यातल्या एका गॅरेजवर गाडी नेली. सोबत नवरा होता, कारण त्याला रविवारी काही काम नव्हतं. मेकॅनिक गाडीखाली शिरला, आणि थोड्या वेळाने पान्याने काहीतरी वाजवल्याचा आवाज आला. ठण्ण. परत ठण्ण.

"ताई, हाई ते रिकामं शे," तो खालूनच म्हणाला. "जाळी काढी लिधी कोनी तरी. वरतून वेल्डिंग मारेल शे, तेबी फाटनं."

त्याने मला वाकून पाहायला लावलं. डबा माझाच, जुनाच. मधोमध कापून, आतली जाळी फोडून काढून, परत जोडलेला. जोड सगळीकडून उकललेला. जो धूर मागच्या नळीतून, तोही निवून, बाहेर पडायचा तो आमच्या पायांखाली बाहेर पडत होता आणि कुठल्या तरी फटीतून आत येत होता. या जाळीत कसला तरी मौल्यवान धातू असतो आणि तिच्या भुकटीला गिऱ्हाईक असतं, हेही मला तेव्हाच कळलं. देवाची खूण म्हणतात ती ही. पिंप्राळ्याच्या वेल्डिंगची.

एवढं दाखवून हा माणूस काय म्हणाला? "ऱ्हाऊ द्या ना रिकामा. तडा गयेल शे तठे मी पक्कं वेल्डिंग मारी देस. गाडी पळी ऱ्हायनी ना?" आणि हे तो नवऱ्याकडे बघून म्हणाला. नवरा समजूतदारपणे मान हलवायला लागला. माझा नवरा सज्जन माणूस आहे. गाडीबद्दल कुणीही काहीही म्हटलं की तो मान हलवतो.

मी भावाला फोन लावला. वाटलं होतं तो चकित होईल, मेकॅनिकला शिव्या घालील. तो म्हणाला, "हां, काढली जाळी. सगळेच काढतात. नवीन कशाला घालायचा?"

"तू मला नवीन टाकला म्हणालास."

"तू ऐकली नसतीस."

"आबांना त्या धुराने झालं ते, कळतंय का तुला? त्यांना सांग, खूण-बीण काही नव्हती."

 तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांना वाटतंय ते वाटू दे. पोरगा जिवंत असताना बाप लेकीच्या दारात जाऊन राहिला, हे कॉलनीत मी कुणाला काय सांगू?"

बापाचा श्वास एका बाजूला आणि दात घासत गाडी ढकलणारे ते बनियनवाले दुसऱ्या बाजूला, आणि माझ्या भावाने बनियनवाले निवडले. मला त्याचा इतका राग आला की मी फोन ठेवून मेकॅनिकवर ओरडले. "नवीन कॅट! माझ्या डोळ्यांसमोर!"

डबा नाशिकहून यायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी गॅरेजात एका तेलकट स्टुलावर ठाण मांडून बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, ताई इथे का बसल्या? मेकॅनिक हसून सांगायचा, भरवसा नाही त्यांना. मी म्हणायचे, बरोबर आहे. जुने गंजलेले बोल्ट निघेनात, त्यांना रॉकेल पाजून, तापवून काढावं लागलं. रिकामा डबा खाली पडला तेव्हा पत्र्याची बादली पडल्यासारखा वाजला. नवीन उचलायला दोन हात लागले. त्याच्या तोंडात डोकावून मी जाळी पाहिली, बारीक बारीक चौकोन, इतकी नीटनेटकी वस्तू मी त्या गॅरेजात दुसरी पाहिली नाही. तो घट्ट बसला, सेन्सर लागला, गाडी सुरू झाली, दिवा विझला. नवीन बॅटरीही तेव्हाच घालून घेतली.

मग पीयूसी. पेट्रोल पंपाशेजारी उभ्या व्हॅनमधल्या माणसाने नंबर प्लेटचा फोटो काढला आणि प्रिंट काढायला वळला. मी म्हटलं, "नळी घाला." त्याला कळेना. "सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात ना? मोजा." तो म्हणाला, "मॅडम, कशाला? पास करून देतो ना मी." नापास करायची धमकी दिल्यावर लोक भांडत असतील, पास करतो म्हटल्यावर भांडणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. नळी सापडायला दहा मिनिटं लागली. ती सीटखाली होती आणि तिच्या तोंडात कोळ्याने घर केलं होतं. मोजलं. आकडा फार कमी आला. तो स्वतःच दोनदा वाकून बघत राहिला. मशीन खरोखर चालतं, हे त्यालाही नवीन असावं.

तो कागद घेऊन मी जळगावला गेले. आबा ओट्यावर बसले होते, समोर खणलेला रस्ता, गुडघ्याएवढी धूळ. भाऊ दारात. मी सगळं सांगितलं, भावाच्या तोंडावर. डबा रिकामा होता, तुमच्या पोराने करून घेतला, जोड उकलला, धूर आत आला. देव यात कुठेच नव्हता. आता नवीन बसवलाय, हा कागद.

आबांनी भावाकडे बराच वेळ पाहिलं. भाऊ चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग आबांनी कागद न वाचता मला परत दिला.

"कागदवर काय बी छापतस," ते म्हणाले. व्हॅनमधला तो माणूस पाहून आल्यावर हे मलाही पटलं.

ते आत गेले. त्यांच्या ट्रंकेत अजूनही जुन्या नमुन्यांच्या कापसाच्या पुड्या आहेत, वहिनी दर दिवाळीला त्या फेकायचं म्हणते. त्यातला एक पांढराशुभ्र पेळू घेऊन ते आले. "गाडी चालू कर." मी केली. ते मागे गेले, गुडघ्यावर हात टेकत उकिडवे बसले आणि तो कापूस सायलेन्सरच्या तोंडाशी धरून मोठ्याने शंभर आकडे मोजायला लागले. मी म्हणत होते, लांबून धरा, तोंड बाजूला करा. कोण ऐकतंय. तेवढ्यात बनियनवाले जमलेच. एकाने मला विचारलं, "ताई, धक्का मारू का?"

शंभर झाल्यावर आबांनी कापूस उजेडात धरला. दमट झाला होता, पण पांढरा होता. त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, जसा जन्मभर ओढत आले तसा, तुटेपर्यंत. आणि म्हणाले, "चालस."

मला पुरतं ठाऊक होतं की जो वायू माणसाला मारतो त्याला रंग नसतो. रिकाम्या डब्याच्या गाडीपुढे धरला असता तरी हा कापूस कदाचित असाच पांढरा राहिला असता. त्या दिवसापर्यंत मी सगळ्यांच्या अडाणीपणाला हसत आले, आणि त्या क्षणी तो अडाणीपणा माझ्या बाजूने लागला तर मी तोंड मिटून घेतलं. लाज वाटली, पण थोडीच. मी त्यांची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

पिशवीबरोबर त्यांनी वीस लिटरचा पाण्याचा कॅनही गाडीत चढवायला लावला. पिंप्राळ्याच्या नळाचं पाणी. आणि पीठ, डाळ, मीठसुद्धा. मीठ! भाऊ मुकाट्याने ते सगळं डिकीत भरत होता. मी दात आवळून गाडी चालवली. पारोळ्याच्या लिंबाजवळ आबांनी काच खाली केली, हवा हुंगली, काच वर केली. धुळ्यापर्यंत एकदाही खोकले नाहीत.

माझ्या घरी ते राहिले म्हणायचं तर राहिले. भाकरी मी करायची, पण त्यांच्या पिठाची, त्यांच्या पाण्यात मळून. पंप ओढल्यावर चूळ भरायलाही ते कॅनमधलंच पाणी घेत. रात्री नीट झोपत होते, जिना एका दमात चढत होते, आणि मी मात्र संतापाने धुमसत होते. म्हटलं, हे माझ्या घरी आलेतच कुठे? जळगावच बरोबर घेऊन आलेत.

सहाव्या दिवशी दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होते. स्वयंपाकघरातून कॅन तिरका केल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग नळाचा. मी दारापाशी गेले. आबा ओट्याशी उभे होते, हातात स्टीलचा पेला. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"खारं शे," ते म्हणाले.

मी हसणार होते. पण ते नळाकडेच बघत पुढे म्हणाले, "तुनी मायले त्या दिन पेऊ देवाले पाहिजे व्हतं."

तो दिवस मी विसरले नव्हते. आई या घरी एकदाच आली, घर नवीन झालं तेव्हा, वैशाखात, आबांबरोबर. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तिने आबांकडे पाहिलं, आबांनी नकाराची मान हलवली, आणि ती सुकलेल्या ओठांनी सगळं घर बघून परत गेली. पुढच्या वर्षी ती वारली. त्यानंतर हे वाक्य आबांच्या तोंडून ऐकायचं म्हणून मी किती भांडले असेन, किती टोमणे मारले असतील. आता ऐकलं तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"आबा, ते नळाचं आहे. प्यायचं माठात असतं," मी म्हटलं, आणि पेला विसळून, माठातलं भरून त्यांच्या हातात दिलं. आता माझ्या घरी पाणी प्यायला दोघांपैकी तेवढे एकच उरले होते.